नावाची गोधडी

आमच्या मोठमायच्या घरात तिचं नाव नसलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे आमचे मोठबाबा. आणि त्यांच्याही बनियनवर, मानेच्या मागे, लाल दोऱ्यानं एक बारीकसा 'स' काढलेला असायचा.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, सत्यभामाबाई. मोठबाबांचं नाव टिकाराम. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत, आणि त्या भिंतीत मोठमायनं स्वतः पाडलेलं एक भोक, हाक मारायला. गाव चिचटोला, करडी ओलांडून नदीकडे निघालं की धानाच्या बांध्या संपतात तिथे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला तेव्हा आपलं गाव कुठे जाणार याची सगळ्यांना उत्सुकता होती. मोठमायला धास्ती होती, कारण तिच्या मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, 'जि. भंडारा' कोरलेलं होतं. गाव भंडाऱ्यात राहिलं आणि गंज वाचला.

भांड्यांवर नाव सगळेच घालतात. लग्नात, तेरवीत भांडी इकडची तिकडे होतात, नाव असलं की आपलं आपल्याला सापडतं. पण बाकीचे लोक भांड्यांवर थांबतात. मोठमाय शिडी, खुर्ची, सूप, विळा आणि मोबाइलचा चार्जर इथवर पोचली होती. चमच्यांवर पूर्ण नाव मावेना, तेव्हा तुमसरच्या भांडेवाल्यानं कंटाळून 'स.भा.' टाकून दिलं. तेव्हापासून तिच्या घरी पोहे खाणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही कोणती सभा?"

तिनं कोहळंही सोडलं नाही. वेलावरचं कोहळं मुठीएवढं असतानाच ती त्यावर सुईनं 'सत्यभामा' ओरखडायची. कोहळं वाढलं की अक्षरंही वाढायची आणि दोन महिन्यांनी छपरावर तिचं नाव रस्त्यावरून वाचता यायचं. असंच एक कोहळं एके वर्षी पलीकडच्या पंचफुलाबाईच्या सैपाकघरात सापडलं. पंचफुलाबाईचं म्हणणं, वेल माझ्या छपरावर आला, तर छपरावरचं कोहळं माझं. मोठमायनं ते कोहळं उचललं, थेट ग्रामपंचायतीत नेलं आणि अक्षरं समोर करून टेबलावर ठेवलं. सरपंचांनी वाचलं आणि निकाल लागला. त्या दिवसापासून या दोघींचं बोलणं बंद, ते मी सांगते आहे त्या वेळेपर्यंत, म्हणजे बारा वर्षं.

मी हे हसत सांगते आहे, पण या नावाच्या वेडाचं कारण कळलं त्या दिवशी मी हसले नव्हते. मोठमायच्या आईकडे, बायजाबाईकडे, एकच पितळी गुंड होता. गावातल्या मोठ्या घरच्या लग्नात पाणी भरायला तो नेला. लग्न झालं, मांडव उतरला, बायजाबाई गुंड मागायला गेली. त्या घरच्या माणसानं ओसरीवर सात गुंड मांडले आणि म्हणाला, "तुझा कोणता? नाव दाखव." गुंडावर नाव नव्हतं. असतं तरी बायजाबाईला वाचता येत नव्हतं. ती रिकाम्या हातानं घरी आली. सोबत आठ वर्षांची मोठमाय होती. तिनं आईचा गुंड सातांतून ओळखला होता, पण तिला कोणी विचारलं नाही.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर पश्चिमेकडचा पूर दिसायला लागला. कृष्णाकाठची गावं, छपरावर बसलेली माणसं, नावेतून नेलेल्या म्हशी. माझा भाऊ सुगत विहाराच्या मंडळाचा सचिव. त्यानं गावाला विहारात बोलावलं, सगळ्या मोहल्ल्यांतले लोक आले, आणि ठरायला लागलं की कपडे गोळा करायचे. मोठमाय मागून उठली.

"कपड्याले माप लागते," ती म्हणाली. "लुगडं जाईन पॅन्टवाल्याले अन् पॅन्ट जाईन बुढीले. गोदडीले माप नाई. पाय पोटाशी घेतले का कोनाले बी पुरते. गोदड्या द्या. हातानं शिवलेल्या."

कोणी काही बोलायच्या आत तिनं स्वतःला त्या कामावर नेमलं आणि मला तिच्याखाली. मी तेव्हा घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अशा मुलीला गावात रिकामी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघर निघालो आणि पहिल्या चार घरांतच मोठमायचा पारा चढला. लोक गोधड्या काढून द्यायला एका पायावर तयार होते, इतके तयार की तिला संशय आला. शकुनबाईनं तर घडी करून दारातच ठेवली होती.

"ही कोनाची होय?"

"सासऱ्याची."

"सासरे कुठं आहेत?"

"याच्यातच गेले ना बाई, मागच्या पोळ्याच्या आधी. चांगली आहे, फक्त घरात कोनी घेत नाई."

मोठमायनं पुढच्या घरी गोधडी हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "याच्यात कोन गेलं?" आणि त्या घरातून आतून आवाज आला, "आजी." म्हणजे गावानं आपापले मेलेले लोक पश्चिमेकडे रवाना करायचं ठरवलं होतं. मोठमाय चौकात उभी राहून ओरडली, "ते लोक मरता मरता वाचले बाप्पा! त्याइच्या अंगावर आपले मुर्दे कायले टाकता? ज्याच्यात कोनी जन्मलं, कोनी लगन करून आलं, अशी द्या!"

भैय्यालाल किराणावाला दुकानातून एक गोधडी घेऊन आला. ती तांदळाच्या पोत्यांखाली अंथरलेली असायची, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"मौशी, एकदम मजबूत आहे," तो म्हणाला.

"मजबूत तं तांदळाचा बोरा बी रायते. तू झोपते का बोऱ्यात?"

मागून त्याची बायको सत्यवती आली आणि नवऱ्याकडे न बघता तिच्या माहेरची, निळ्या काठाची गोधडी मोठमायच्या हातात ठेवून गेली. भैय्यालाल पोत्यांखालची घेऊन परत पोत्यांकडे गेला.

असं करून आठवडाभरात अडतीस चांगल्या गोधड्या जमल्या. राहिलं एकच घर, आणि त्या घरात गावातला सगळ्यात बारीक टाका होता. पंचफुलाबाईच्या गोधडीवर टाके शोधायला चष्मा लागतो. मोठमाय तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली, तोंड शेळीकडे करून.

"रुचिता, हिले सांग, गोदड्या जमा करून राहिलो म्हना."

मी सांगितलं. तीन हातांवर उभ्या असलेल्या बाईला मी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

"रुचिता," पंचफुलाबाई म्हणाली, तीही शेळीकडे बघून, "तिले इचार, स्वतःची कोनती देऊन राहिली? लोकाइच्या घरात जाऊन नाक वर करते. तिच्या पेटीत चार लुगड्यायची आहे, ते काहून नाई काढत?"

गावात सगळ्यांना ती गोधडी माहीत होती. बायजाबाई गेल्यावर तिची चार लुगडी मोठमायनं आणली, दोन हिरवी, एक जांभळं, एक विटलेलं लाल. त्यांची गोधडी शिवली आणि ती कधीच पांघरली नाही. वर्षातून एकदा उन्हात घालायची आणि संध्याकाळी नाकाला लावून परत पेटीत ठेवायची. आईचं तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"मी दोन देते," पंचफुलाबाई म्हणाली आणि आतून खरंच दोन आणून शेळीच्या बाजूला ठेवल्या. "पाहू आता."

मोठमाय घरी आली, पेटी उघडली आणि दोन तास त्या पेटीसमोर बसून राहिली. मोठबाबा चहा घेऊन गेले, तो निवला. ते म्हणाले, "अवं, नको देऊ. पंचफुला काय म्हन्ते त्याच्यावर जातं का आपलं?" मोठमाय म्हणाली, "तिच्यावर नाई जात. मीच चौकात ओरडली ना, चांगली द्या म्हून. मंग हेच चांगली आहे माह्या घरात." आणि तिनं ती बाहेर काढली.

आता नावं. हा हुकूम मला तिनं भिंतीच्या भोकातून दिला. मोठबाबांच्या जुन्या पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, त्यावर मी पेननं नाव लिहायचं आणि ती वरून लाल दोऱ्यानं शिवणार. मी डोक्याला हात लावला.

"मोठमाय, आपण देऊन राहिलो. वापस नाही मागायच्या आहेत. नाव कशाला?"

"वापस कोन मांगते? कोनाची होय हे तं समजलं पायजे! बिननावाची वस्तू म्हंजे पडलेली वस्तू. त्याइले आपन पडलेली वस्तू देऊन राहिलो का?"

मी अक्षर चांगलं असण्याची शिक्षा भोगली. 'सौ. सत्यवती भैय्यालाल, मु. चिचटोला, पो. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा.' पिन कोडसुद्धा. चाळीस पट्ट्या लिहून झाल्या आणि एक्केचाळिसाव्या गोधडीसाठी मी सवयीनं 'सौ. सत्यभामा' लिहायला घेतलं, तेव्हा मोठमायनं माझा हात धरला.

"माह्यं नको. बायजाबाई लिह्य."

"पुढे?"

"पुढं काय? आता तिले गाव कुठं आहे?"

मी नुसतं 'बायजाबाई' लिहिलं. मोठमायनं त्या पट्टीवर लाल दोरा दुपारभर चालवला. तिची आई जगून गेली, पण तिचं नाव कुठल्याच वस्तूवर कधी आलं नव्हतं. हे पहिलं. ती पुन्हा पुन्हा त्यावरून बोट फिरवत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की चला, या वेडाचा काहीतरी उपयोग झाला.

गठ्ठे टेम्पोनं साकोलीला गेले आणि तिथून हायवेनं जाणाऱ्या मदतीच्या ट्रकमध्ये चढले. त्यानंतर मोठमाय पोस्टमनची वाट पाहायला लागली. तिचं म्हणणं असं की नाव-पत्ता आहे, गोधडी पोचली की माणूस दोन ओळी लिहीलच. भाजीचं भांडं शेजारी गेलं तरी रिकामं येत नाही, लोक त्यात काहीतरी घालून पाठवतात. ही तर अख्खी गोधडी. दसरा गेला, दिवाळी गेली. पोस्टमन तिला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीत वळवू लागला. मग थंडी संपली, होळी झाली आणि टाळेबंदी लागली, तेव्हा तो पोस्टमनही यायचा बंद झाला.

दुसऱ्या वर्षीचा पोळा होऊन चार दिवस झाले होते. साकोलीहून सुगतला फोन आला की रायपूरकडे जाणाऱ्या एका ट्रकनं तुमच्या गावाच्या नावानं सामान उतरवलं आहे, घेऊन जा. सामान आलं. गाठी सोडल्या आणि वरच पंचफुलाबाईची गोधडी निघाली. चाळीसच्या चाळीस, धुतलेल्या, घडी केलेल्या, आणि वर एक पत्र. पत्र विहारासमोर मीच वाचलं, कारण ते माझ्याच अक्षराचं फळ होतं.

तिकडच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिलं होतं की पुरानंतर त्यांच्या शाळेत दोन खोल्या केल्या होत्या. एका खोलीत मदत म्हणून आलेलं सामान, दुसऱ्या खोलीत पुरातून वाचवलेलं, लोकांच्या मालकीचं सामान. 'आपल्या गोधड्यांवर मालकांची नावे व पत्ते असल्याने त्या दुसऱ्या खोलीत ठेवण्यात आल्या. सदर मालक भंडारा जिल्ह्यातून कामास आलेले मजूर असावेत असे समजून तीन दिवस ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारण्यात आली. कोणीही पुढे न आल्याने सामान वर्षभर जपून ठेवले. मालकांनी ओळख पटवून ताब्यात घ्यावे ही विनंती.'

म्हणजे आमच्या गोधड्या पूरग्रस्तांना न मिळता स्वतःच पूरग्रस्त ठरल्या होत्या.

गावानं जो दंगा केला तो सांगत नाही. "तुह्या नावापायी!" शकुनबाई ओरडली. "गेले असते तं कोनाच्या अंगावर पडले असते!" मोठमाय मान खाली घालून उभी होती, आणि ती मान खाली घालते हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. मग सत्यवती हळूच म्हणाली, "म्हंजे माह्यं नाव तिकडं माइकवर घेतलं?"

"तीन दिवस," मी म्हणाले.

सत्यवती पदर नीट करायला लागली. पंचफुलाबाईनं विचारलं, "नवऱ्याच्या नावासकट का नुसतं?" पाच मिनिटांत दंगा विरला आणि ज्या बायांचं नाव करडीच्या बाजारातही कधी कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं, त्या एकमेकींना सांगू लागल्या की आपलं नाव कृष्णेच्या काठावर तीन दिवस वाजत होतं. भैय्यालालला पोत्यांखालची गोधडी दिली नाही याचं वाईट वाटलं, तिच्यावर नुसतं त्याचं नाव असतं. फक्त गोधड्या परत न्यायला कोणी तयार होईना. दिलेलं परत घेणारे आपण आहोत का, असा सगळ्यांचा ताठा. शेवटी गाठी पुन्हा बांधून गावच्या शाळेत, बाकांच्या उतरंडीवर ठेवल्या. शाळा तशीही कोरोनामुळे बंदच होती.

पण पत्राला एक शेवटची ओळ होती आणि मोठमाय फक्त तीच ऐकून घरी आली होती. 'एकूण एक्केचाळीस नगांपैकी केवळ एकाच मालकाचा शोध लागला. श्रीमती बायजाबाई या नाव पुकारताच उभ्या राहिल्या, सबब त्यांची गोधडी त्यांना देण्यात आली.'

"त्यांची?" मोठमाय म्हणाली. "त्यांची कशी? लुगडे माह्या मायचे! हिरवं कोनतं, जांभयं कोनतं, हे तिनं सांगतलं का? लाव फोन त्या गुरुजीले. मी इचारतो तिले. काय इचारतो पाह्य तू!"

पत्राखाली नंबर होता. मी फोन लावला, लागला नाही. त्या आठवड्यात मी बारा वेळा लावला. प्रत्येक वेळी मोठमाय बाजूला येऊन बसायची, घसा साफ करायची आणि फोन लागत नाही म्हटल्यावर परत जायची. घरात ती मोठ्यानं सराव करायची. आम्हाला भिंतीच्या भोकातून ऐकू यायचं, "नाव ऐकून उभी राह्यली म्हंजे वस्तू तुही होते का? खोटारडी!" जेवण कमी झालं होतं. मोठबाबा मला म्हणाले, "तिच्या मायचा गुंड दुसऱ्यांदा गेला, पोरी." त्या माणसाला कमी बोलायची सवय होती, पण बोलायचे ते नेमकं.

आणि मग आमच्याकडेच पाणी आलं. आमच्या गावावर लख्ख ऊन होतं, पाऊस वर, मध्य प्रदेशाकडे झाला होता. वैनगंगा सकाळी बांध्यांत आली, दुपारी अंगणात आणि चार वाजता मोठमायच्या चुलीत. तीस ऑगस्ट. अख्खं गाव उंचावरच्या शाळेत गेलं. कोरोनामुळे दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवायचं होतं. त्या शाळेत दोन माणसांत एक शेळी होती. सगळ्यांचं अंथरूण-पांघरूण भिजलेलं. सुक्या होत्या त्या बाकांच्या उतरंडीवरच्या चाळीस गोधड्या.

सुगत भराभर वाटायला लागला आणि भांडण सुरू झालं. "माही तिले काहून दिली?" "निळ्या काठाची माही होय!" ज्या गोधड्या आठवडाभर कोणी घरी नेत नव्हतं, त्यांच्यावर बाया तुटून पडल्या. तेव्हा मोठमाय टेबलावर चढली.

"गप ऱ्हा! नाव आहे ना प्रत्येकीवर? रुचिता, वाच. ज्याचं नाव त्याले."

मी वाचत गेले. "सौ. सत्यवती भैय्यालाल." सत्यवती उभी राहिली. "शकुनबाई." शकुनबाई उभी राहिली. एकेक नाव घेतलं की एकेक बाई चिखलातले पाय घेऊन पुढे यायची, आपली घेऊन छातीशी धरून जायची. गंमत नव्हती त्यात. घर बुडालेल्या माणसाला आपलं नाव पुकारलेलं ऐकलं की काय होतं, हे मी त्या बायांच्या चेहऱ्यावर पाहिलं. टेबलावरून मोठमायही पाहत होती.

चाळीस नावं संपली. मोठमाय खाली उतरली आणि मोठबाबांजवळ ओल्या फरशीवर जाऊन बसली. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. एवढ्यात पंचफुलाबाई दोन्ही गोधड्या घेऊन आली.

"रुचिता, हिले सांग, म्या दोन दिल्या होत्या. एक घे म्हना."

"हिले सांग," मोठमाय म्हणाली, "तिच्यावर नाव तिचं आहे. मी कशी घेऊ?"

पंचफुलाबाईचा बांध फुटला. मधल्या माणसाची तिला गरज राहिली नाही. "नाव माह्यं आहे तं वाचून वाचून झोप!" असं थेट मोठमायच्या तोंडावर म्हणून तिनं गोधडी तिच्या मांडीवर आपटली. तेरा वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. गुरुजी. त्यांचा फोन दुरुस्तीला होता, बारा मिस्ड कॉल पाहून त्यांनी स्वतः लावला. "टीव्हीवर भंडारा बघितला," ते म्हणाले. "बायजाबाई हितंच बसल्यात. त्यास्नी बोलायचं हाय."

मी मोठमायला सांगितलं. तिनं घसा साफ केला. शाळेतली बायामंडळी सरकत जवळ आली, कारण तो सराव सगळ्या गल्लीनं ऐकला होता. मी फोन मोठ्या आवाजावर केला. पण मोठमायच्या आधी तिकडची म्हातारी बोलली.

"बाई, तुमची वाकळ म्या धुवून ठिवलीया, पाठवून देते. माजी चूक झाली. तुमच्या गावात बी पानी शिरलंय म्हनत्यात, आता तुमास्नीच लागंल."

मोठमायनं फोन माझ्या हातातून घेऊन जवळ धरला.

"मला वाचाया येत न्हाई बाई. गुर्जींनी बायजाबाई म्हून हाक दिली. माजं समदं व्हावून गेल्यालं, आठ दिस कुनी नावानं हाक मारली नव्हती. वाटलं, आपलं कायतरी गावलं. म्या व्हय म्हनलं. वाकळ हातात आली तवा कळलं, ही माजी न्हवं. पर तवा न्हाई बोलवलं."

मी मोठमायकडे पाहिलं. दहा दिवसांची सगळी वाक्यं तिच्या तोंडाशी येऊन थांबलेली दिसत होती.

"त्या गोदडीवर पट्टी आहे ना, लाल दोऱ्याची?" तिनं विचारलं.

"हाय की."

"त्याच्यावर नाव कोनाचं आहे? गुरुजीले इचारा."

मागून गुरुजींचा आवाज आला, "बायजाबाई."

"अन् तुमचं नाव काय?"

"बायजाबाई."

"मंग तुमचीच होय," मोठमाय म्हणाली. "नाव दाखवलं का वस्तू ज्याची त्याले, हा आमच्या घरचा कायदा होय. वापस पाठवाल तं मी घेनार नाई." मग म्हणाली, "उबारा रायते ना त्याच्यात?"

"लई. आयच्या कुशीत निजल्यावानी."

मोठमाय रडली. नाक ओढत, पंचफुलाबाईच्या गोधडीला डोळे पुसत, सगळ्यांसमोर रडली. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पंचफुलाबाई तेवढी म्हणाली, "नाक नको पुसू, बारीक टाका आहे."

पाणी उतरलं. घराची एक भिंत गेली, नेमकी भोकाची. मोठमायनं पंचफुलाबाईची गोधडी धुतली, वाळवली, पण परत देईना. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पंचफुलाबाई रोज दारावरून जाताना ऐकवायची, "कोनाच्या कोनाच्या वस्तू कोनाकोनाच्या घरात राहून जाते, बाप्पा." मोठमाय म्हणायची, "नाव आहे ना? जात नाई कुठं." मी विचारलं तर म्हणाली, "रिकामी कशी देऊ? तयार नाई झालं अजून."

दिवाळीनंतर एक दिवस तिनं शिडी लावून छपरावरून एक कोहळं उतरवलं. पुरात वरचा वेल वाचला होता. कोहळं गोधडीत गुंडाळून ती पलीकडे गेली, मीही मागोमाग गेले. पंचफुलाबाईनं घडी उलगडली. पिकलेल्या कोहळ्यावर बोटभर मोठी, जरा वाकडी अक्षरं फुगून आली होती: पंचफुला.

पंचफुलाबाईनं ते दोनदा फिरवून पाहिलं.

"आता खाय," मोठमाय म्हणाली. "आता कोनी काई म्हननार नाई."